दारावरचा कागद आणि दाराचं कुलूप: सांकेतिक ताबा आणि प्रत्यक्ष ताबा

बाहेरच्या दारावर बँकेची नोटीस चिकटवलेली: अमुक तारखेला या मालमत्तेचा ताबा घेतला आहे, कोणीही तिचा व्यवहार करू नये. आत गॅसवर चहा उकळतोय आणि चाव्या खुंटीवरच आहेत. अशा वेळी कुणी ‘घर गेलं’ म्हणून सामान बांधायला घेतं, तर कुणी ‘नुसता कागद तर आहे’ म्हणून तो फाडून टाकतं. माझ्या मते दुसरी चूक जास्त महागात पडते.

दारावरचा तो कागद म्हणजे सांकेतिक ताबा. 2002च्या सरफेसी कायद्यामुळे बँकेला गहाण घरावरून वसुली करायला आधी दावा लावावा लागत नाही. थकबाकी 90 दिवसांच्या वर गेली की खातं एनपीएत, म्हणजे थकीत (अनुत्पादक) कर्जांत, जातं आणि कलम 13(2)ची मागणी नोटीस येते. तिची मुदत 60 दिवस. त्यात पैसे भरले नाहीत तर 13(4)खाली ताबा: दारावर नोटीस, आणि सात दिवसांत ती दोन वर्तमानपत्रांत छापायची, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. राहणारे राहतच असतात.

प्रत्यक्ष ताबा म्हणजे कुलूप. राहणारे आपणहून निघाले नाहीत तर बँक कलम 14खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते, मुंबईसारख्या शहरात मुख्य दंडाधिकाऱ्यांकडे. तिथे मुख्यतः बँकेचे कागद तपासले जातात. कर्जदार आणि बँकेचा वाद मिटवण्याची ती जागा नाही. आदेश झाला की अधिकारी पोलीस बंदोबस्त घेऊन येतो, सामानाची यादी होते, दाराला सील लागतं.

डोळ्यांना दिसणारा फरक एवढा मोठा आहे, म्हणूनच फसायला होतं. ‘सांकेतिक’ हा शब्दच घात करतो. ऐकायला तो निव्वळ उपचार वाटतो. दाद मागण्याच्या बाबतीत मात्र कायदा दोन्हींत फरक करत नाही. कलम 17खाली कर्ज वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, अर्ज करायला 45 दिवस मिळतात. घराबाहेर काढल्याशिवाय हा अर्ज करता येत नाही, असं अलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटलं होतं. 2018मध्ये हिंडन फोर्ज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते मोडीत काढलं: सांकेतिक ताबा घेतला तरी डीआरटीचं दार उघडतं. कर्जदाराच्या बाजूचा निकाल आहे खरा, पण दार उघडलं की घड्याळही सुरू होतं. कुलूप लागल्यावर वकील शोधू म्हणणाऱ्याचे हे 45 दिवस बहुतेक वेळा चहा पितापिताच संपलेले असतात.

नुसत्या मागणी नोटिशीवर डीआरटीत जाता येत नाही. त्या 60 दिवसांत बँकेकडे लेखी हरकत द्यायची. बँकेने तिला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. हे उत्तर आलंच नाही, 60 दिवस भरण्याआधीच ताबा घेतला, किंवा गहाण मालमत्ता मुळात शेतजमीन निघाली (तिला हा कायदा लागूच होत नाही), असे मुद्दे पुढे डीआरटीत कामी येतात. कारवाई बेकायदा ठरली तर न्यायाधिकरण ताबा परत द्यायला लावू शकतं, नुकसानभरपाईही देववू शकतं. दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागायला धावू नका. कलम 34ने तो रस्ता बंद केला आहे आणि तिथल्या तारखांत 45 दिवस सहज जातात.

वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकील मागता येतो. महिलांना तर उत्पन्नाची अटही नाही, त्यामुळे कर्जात पत्नीचं नाव असेल तर तिने अर्ज करावा. जाताना कर्जखात्याचा उतारा, मागणी नोटीस तिच्या पाकिटासकट आणि दारावरच्या नोटिशीचा तारीख वाचता येईल असा फोटो सोबत न्या. वकील आधी ती तारीखच विचारतो.