बंद घरातल्या पिसवा आणि त्यामागची सव्वाशे वर्षं

खानापूरकडच्या आमच्या जुन्या घराला वर्षातले दहा महिने कुलूप असतंय. गणपतीला दार उघडून आत पाय ठेवला की मिनिटाभरात पोटऱ्यांवर बारीक काळे ठिपके उड्या मारायला लागतात, पांढरा पायजमा घातला असेल तर अक्षरशः मोजता येतात. मग सगळ्यांचा एकच प्रश्न, घरात कुत्रं नाही मांजर नाही, ह्या पिसवा आल्या कुठनं? आल्या नाहीत ओ, तिथंच होत्या. पावसाळ्याआधी कुणाचं तरी मांजर माळ्यावर येऊन व्यालेलं असतंय, त्याच्या अंगावरची अंडी खाली मातीच्या जमिनीत पडतात, भेगांत अळ्या वाढतात, त्यांचे कोष होतात आणि ते कोष महिनोन्महिने गप्प पडून राहतात. माणसाच्या पावलांचा हादरा बसला, अंगाची ऊब आणि श्वास लागला की भूक लागलेल्या सगळ्या एकदम बाहेर.

पिसू म्हणा नाहीतर शेजारच्या कन्नड घरातल्यासारखं चिगट म्हणा, आमच्या भागात हा किडा एकेकाळी नुसता खाजेचा विषय नव्हता. 1896 ला मुंबईत मांडवीला प्लेग सुरू झाला आणि रेल्वेच्या वाटेनं बेळगाव, धारवाड, हुबळीपर्यंत पसरला. 1898 ला हुबळीत तर कहर झाला, तिथं हजारो लोकांनी डॉ. हाफकिन यांनी तयार केलेली प्लेगची लस टोचून घेतली. आमच्याकडं म्हातारी माणसं सांगायची की घरात उंदीर पडला, म्हणजे मरून पडलेला दिसला, की भांडीकुंडी उचलायची आणि गाव सोडून माळावर खोपटी बांधून राहायचं. का ते कुणाला नीट माहीत नव्हतं, पण उपाय बरोबर होता. सरकारी लोक घरं फिनाईलनं धुवत होते, कौलं काढून ऊन आत घेत होते, अंथरुणं जाळत होते, आणि खरा वाहक उंदराच्या केसात बसलेला. त्याच 1898 साली पॉल-लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत प्रयोग करून दाखवला की पिसवा आजारी उंदरावरनं निरोगी उंदरावर गेल्या की रोग जातो. लगेच कुणी मानलं नाही त्याला. 1905 नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्लेग कमिशननं तेच पुन्हा सिद्ध केलं तेव्हा कुठं पटलं. मला हे नेहमी लागतं, मधल्या काळात किती माणसं गेली असतील.

एक मात्र सांगायला पाहिजे, ती प्लेगची पिसू उंदरावरची, आपल्या कुत्र्यामांजरावर सापडते ती बहुतेक वेळा मांजराची पिसू, जात वेगळी. त्यामुळं टॉमीला खाजलं म्हणून घाबरायचं कारण नाही.

औषधं येण्याआधी काय करायचे? शेणानं सारवायचे, त्यात भेगा बुजायच्या, मला वाटतं निम्मं काम तिथंच व्हायचं. कडुनिंबाच्या पाल्याची धुरी, वेखंडाची पूड, आणि निपाणी जवळ असल्यामुळं तंबाखूचं पाणी. तंबाखूचा काडीकचरा रात्रभर भिजत घालून सकाळी ते पाणी वासरांच्या अंगाला चोळायचे, गोचीड आणि पिसवा दोन्ही पडायच्या. निकोटीन हे खरंच कीटकनाशक आहे, पण जनावर अंग चाटतं आणि विष पोटात जातं, म्हणून आज कुणी हे करू नये असं मी कळकळीनं सांगते. आजी संध्याकाळी परातीत पाणी घेऊन मधे दिवा ठेवायची, सकाळी पाण्यावर काळी पूड तरंगल्यासारख्या पिसवा दिसायच्या.

नंतर आलं डीडीटी. 1946 पासून मुंबई प्रांतात डॉ. विश्वनाथन यांनी धारवाड आणि कारवार भागात मलेरियासाठी घरोघरी भिंतींवर डीडीटी मारायला सुरुवात केली, 1953 ला देशभर मोहीम झाली. फवारणी डासांसाठी होती पण घरातल्या पिसवापण मेल्या, म्हणून त्या पिढीला पिसवा म्हणजे संपलेली गोष्ट वाटायची. त्यापाठोपाठ गॅमेक्सिन पावडर. कोंबड्यांच्या खुराड्यात, गोठ्यात, कुत्र्याच्या अंगावर, काहीजण तर गादीखालीपण टाकायचे. 1997 ला त्यावर बंदी आली, पण पिसवा झाल्या की पावडर टाका ही सवय आमच्या हाडात मुरलीय ती तेव्हापासनं.

आणि चुकतंय ते इथंच. अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण पसाऱ्याच्या जेमतेम 5 टक्के, बाकी अंडी, अळ्या, कोष सगळं जमिनीत, सतरंजीत, सोफ्याच्या फटीत. एक मादी दिवसाला 40 पर्यंत अंडी घालते. 1990 नंतर फिप्रोनिल या कीटकनाशकासारखे मानेवर टाकायचे थेंब आले, ते खरंच चांगले आहेत, पण कोषातनं नवीन पिसवा अजून दोन-तीन आठवडे निघतच राहतात आणि लोक म्हणतात औषध डुप्लिकेट. तेवढे दिवस रोज झाडून घ्यायचं, अंथरूण गरम पाण्यात धुवायचं आणि घरातल्या सगळ्या जनावरांना एकदम थेंब टाकायचे.

सगळ्यांना, पण एकच औषध नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत एका दुकानदारानं कुत्र्याचं औषध मांजराला चालतंय म्हणून दिलं, त्यात परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक होतं. संध्याकाळपर्यंत मांजर पाय ताठ करून थरथरायला लागलं, तोंडातनं लाळ. टॉवेलात गुंडाळून डॉक्टरकडं नेलं, त्यांनी आधी कोमट पाण्यात साबणानं धुतलं, मग सलाईन लावून रात्रभर ठेवून घेतलं. वाचलं ते. कुत्र्याचं शरीर परमेथ्रिन पचवतं, मांजराचं लिव्हर ते मोडू शकत नाही, म्हणून पाकिटावर मांजराचं चित्र नसेल तर ते औषध मांजराजवळ न्यायचंसुद्धा नाही.