फ्रेनेल भिंग आणि विवर्तनी भिंग: वलये सारखी, चुका वेगळ्या

दोन्ही भिंगे चपटी असतात, दोन्हींवर एककेंद्री वलये असतात, त्यामुळे ॲक्रिलिकचे असे दोन तुकडे शेजारी ठेवले की जाणकाराचाही गोंधळ होतो. फ्रान्सच्या कोर्दुआन दीपगृहावर १८२३ मध्ये बसलेले फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फ्रेनेलचे भिंग मात्र अपवर्तनावर, म्हणजे एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना प्रकाश वळण्यावर चालते. त्याचे प्रत्येक वलय हा एक छोटा प्रिझम असतो आणि प्रकाश कुठे वळेल हे वलयाचा उतार ठरवतो. विवर्तनी भिंग विवर्तनावर, म्हणजे बारीक खाचांतून जाताना प्रकाशलहरी पसरून एकमेकींत मिसळण्यावर चालते. त्यात प्रकाश वळवण्याचे काम वलयांच्या त्रिज्या करतात, आणि खाचेची खोली ठरवते ते नाभीवर, म्हणजे किरण जिथे एकवटायला हवेत त्या बिंदूवर, किती प्रकाश पोहोचेल एवढेच.

म्हणूनच यंत्रकामातली चूक दोघांना वेगळी भोवते. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) सुमारे १.४९ असल्याने ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशासाठी विवर्तनी खाच जेमतेम १.१ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खोल लागते. ही खोली १० टक्के चुकली तर सुमारे ३ टक्के प्रकाश इतर नाभींकडे जातो. २० टक्के चुकली तर आठवा हिस्सा जातो आणि प्रतिमेवर धूसरपणा पसरतो. हत्याराच्या गोलसर टोकामुळे खाचेची कड बोथट झाली, तरी प्रकाश असाच वाया जातो. फ्रेनेलच्या खाचा बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या किंवा त्याहून मोठ्या असतात, त्यामुळे खोलीतला एक मायक्रॉन तिथे जाणवतही नाही, उतार ०.१ अंशाने चुकला तर मात्र १०० मिलिमीटरवरचा किरण सुमारे ०.०९ मिलिमीटर सरकतो.

साच्यातून निघालेली वस्तू आक्रसते, हे कोल्हापूरच्या उद्यमनगर या औद्योगिक भागात ओतकामाच्या साच्यासाठी पॅटर्न (नमुना) बनवणाऱ्याला शिकवावे लागत नाही. तो पॅटर्न आधीच थोडा मोठा ठेवतो. प्लास्टिकचे भिंग सगळीकडून सारखेच अर्धा टक्का आक्रसले, तर फ्रेनेलचे उतार कायम राहतात आणि नाभीय अंतर अर्धाच टक्का घटते. विवर्तनी भिंगात ते त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असल्याने एक टक्का घटते. आकुंचन असमान असेल तर नुसते माप वाढवून भागत नाही, आणि माझ्या मते खरी डोकेदुखी तीच आहे.

उष्णतेत पारडे फिरते. तापमान वाढले की ॲक्रिलिकचा अपवर्तनांक घटतो आणि फ्रेनेलची नाभी दूर जाते. विवर्तनी भिंगाची नाभी केवळ प्रसरणामुळे, साधारण निम्मीच सरकते.