अमेरिकन यादवी युद्धातले घरगुती हेर आणि निरोपे

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५, गुलामगिरीच्या वादातून फुटून निघालेली दक्षिणेकडची राज्यं विरुद्ध उत्तर) शत्रूकडच्या बातम्या काढणारे आणि त्या गुपचूप पोचवणारे सगळेच काही वर्दीवाले नव्हते. त्यात विधवा बाई होती, शेतकरी होते, डॉक्टर होते, रेल्वेतला मोठा साहेब होता, आणि मालकाच्या घरात राबणारे गुलाम तर होतेच. युद्ध सुरू झालं तेव्हा दोन्हीकडे धड हेरखातंच नव्हतं. शिवाय उत्तरेची राजधानी वॉशिंग्टन आणि दक्षिणेची रिचमंड यांच्यात अंतर जेमतेम १६० किलोमीटर, भाषा एकच, नातेवाईक दोन्हीकडे, मग कोण कुणाचा हे ओळखणार कसं? जुन्या मराठी कागदांत जासूद म्हणजे पत्र नेणाराही आणि हेरही, तो शब्द इथे फिट बसतो, कारण बातमी मिळवणं एकवेळ सोपं होतं, ती शिळी व्हायच्या आत पोचवणं हेच खरं काम.

सगळ्यात गाजलेलं नाव रोझ ग्रीनहाऊ. वॉशिंग्टनमधली ही श्रीमंत वर्तुळातली विधवा, बड्या पुढाऱ्यांची घरी ऊठबस, आणि मन मात्र दक्षिणेकडे. जुलै १८६१ मध्ये उत्तरेची फौज निघणार ही खबर तिने दक्षिणेच्या जनरल बोरगार्डला पाठवली, आणि ती चिठ्ठी नेली बेटी ड्युव्हाल नावाच्या तरुणीने, चक्क अंबाड्यात लपवून. २१ जुलैला बुल रनची लढाई दक्षिणेने जिंकली. आता त्या चिठ्ठीमुळेच जिंकली म्हणणं जरा जास्तच होतं, दक्षिणेच्याच जनरल जॉन्स्टनची कुमक रेल्वेने वेळेवर आली हे विसरून कसं चालेल. ऑगस्टमध्ये उत्तरेसाठी हेरगिरी करणाऱ्या ॲलन पिंकरटन या डिटेक्टिव्हने बाईंना पकडलं, नजरकैदेतूनही त्यांचे निरोप बाहेर जातच राहिले, शेवटी लहान मुलीसकट तुरुंगात टाकलं आणि १८६२ मध्ये दक्षिणेत हाकललं. १८६४ मध्ये युरोपातून परतताना उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळ होडी उलटून त्या बुडाल्या, अंगावरच्या सोन्याच्या नाण्यांच्या वजनाने खाली गेल्या म्हणतात.

पण शांतपणे जास्त काम केलं ते एलिझाबेथ व्हॅन ल्यू यांनी, त्याही रिचमंडमध्ये बसून, उत्तरेसाठी. सुरुवात झाली लिबी तुरुंगातल्या उत्तरेच्या कैद्यांना खाणं, पुस्तकं नेण्यापासून. शेजारीपाजारी नाकं मुरडायचे, ह्या जात राहिल्या. फेब्रुवारी १८६४ मध्ये त्या तुरुंगातून १०९ अधिकारी भुयार खणून पळाले, त्यातल्या काहींना ह्यांच्याच माणसांनी लपवलं. १८६३ च्या शेवटापासून उत्तरेच्या जनरल बटलरशी आणि नंतर सरसेनापती ग्रँटच्या छावणीशी त्यांचा नियमित पत्रव्यवहार होता, सांकेतिक लिपीत, आणि तोही अशा शाईने की दूध लावल्याशिवाय अक्षर दिसत नाही. लिपीची किल्ली घड्याळाच्या डबीत. चिठ्ठ्या जायच्या नोकरांच्या बुटांच्या तळव्यात किंवा टोपलीतल्या अंड्यांपैकी एका रिकाम्या अंड्यात. शहराबाहेर घरचं शेत होतं त्यामुळे नोकरांची ये-जा रोजचीच, पहारेकऱ्याला त्यात नवल काय वाटणार! त्याच गोटात सॅम्युएल रुथ, रेल्वेचा सुपरिंटेंडंट, जो दक्षिणेचे सेनापती ली यांच्या सैन्याचा माल आणि पुलांची दुरुस्ती असं काही रेंगाळवायचा की मुद्दाम केलंय हे सिद्धच होऊ नये. जानेवारी १८६५ मध्ये पकडला गेला आणि पुराव्याअभावी सुटलासुद्धा.

दक्षिणेचीही टपाललाइन होती, मेरिलँडच्या दक्षिण भागातून पोटोमॅक नदी ओलांडून. तिथला थॉमस जोन्स सूर्यास्ताच्या जरा आधी होडी काढायचा कारण कड्याची सावली पाण्यावर पडली की छोटी होडी दिसत नाही, आणि धोका असला तर शेजारच्या घरातली मुलगी माळ्याच्या खिडकीत काळं कापड टांगायची. वॉशिंग्टनचे पेपर ह्याच वाटेने रिचमंडला पोचायचे. डॉक्टरांचा उपयोग वेगळाच, रात्रीबेरात्री घोडागाडीतून फिरणारा डॉक्टर म्हणजे पेशंटकडेच निघालाय असं समजून कोणी अडवत नसे.

शिक्षा मात्र खेळ नव्हता. उत्तरेच्या १८६३ च्या लीबर संहितेत, म्हणजे सैन्यासाठीच्या युद्धनियमांत, हेराला फाशी, स्त्री असो वा पुरुष, असं स्पष्ट लिहिलं होतं, प्रत्यक्षात बायकांना तुरुंग नाहीतर हद्दपारी यावरच सोडलं जायचं. पुरुषांना ती सवलत मिळेलच असं नव्हतं. पिंकरटनचा माणूस टिमथी वेबस्टर दक्षिणेचा विश्वासू निरोप्या बनून त्यांचीच पत्रं पोचवायचा, अर्थात ती आधी उत्तरेकडे उघडून वाचली जायची. तो रिचमंडमध्ये आजारी पडला, बरेच दिवस खबर नाही म्हणून पिंकरटनने दोघांना शोधायला धाडलं, त्या दोघांना कोणीतरी ओळखलं, आणि एप्रिल १८६२ मध्ये वेबस्टर फासावर गेला.

गुलामांकडून आलेल्या बातम्यांना उत्तरेच्या सैन्यात ‘ब्लॅक डिस्पॅचेस’ म्हणत. जेवण वाढणाऱ्यासमोर, गाडी हाकणाऱ्यासमोर मालक लोक बिनधास्त बोलायचे, जणू तिथे कोणी नाहीच. दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याचा कोचमन विल्यम जॅक्सन १८६२ मध्ये पळून उत्तरेकडे आला तो असंच ऐकलेलं सगळं घेऊन. व्हॅन ल्यूंच्या घरच्या मेरी रिचर्ड्सने (मेरी बाउझर म्हणून प्रसिद्ध) डेव्हिसच्याच घरात नोकर बनून हेरगिरी केली ही गोष्ट फार रंगवून सांगतात, पण पुरावा तुटपुंजा आहे. एक कारण असं की युद्ध संपल्यावर व्हॅन ल्यूंनी आपली पत्रं युद्धखात्याकडून परत मागवून नष्ट केली, शहरात राहायचं होतं ना त्यांना आणि त्यांच्या माणसांनाही.

हॅरिएट टबमन, स्वतः गुलामीतून पळालेली आणि मग इतरांना सोडवणारी, तिचं हेरकाम मात्र नोंदलेलं आहे. दक्षिण कॅरोलिनात तिने स्थानिक कृष्णवर्णीय नावाड्यांचं टेहळणी पथक उभं केलं, नदीत सुरुंग कुठे पेरलेत ते त्यांच्याकडून कळलं, आणि २ जून १८६३ ला उत्तरेच्या कर्नल माँटगोमेरीच्या बोटी कोम्बाही नदीतून वर गेल्या त्या ७०० हून जास्त गुलामांना सोडवूनच परतल्या. पेन्शनसाठी ती पुढे कितीतरी वर्षं झगडली. १८९९ मध्ये सैनिकाची विधवा म्हणून मिळणाऱ्या ८ डॉलरचे महिना २० झाले, ते वाढीव १२ नर्स म्हणून, हेर म्हणून नाही.