फुप्फुसाची दुरुस्ती कोण करते? श्वासमार्गातील मूलपेशींच्या शोधामागचा इतिहास

आतड्याचे अस्तर काही दिवसांत नवे होते आणि अस्थिमज्जा रक्तपेशी अखंड घडवत राहते. फुप्फुस मात्र संथ आहे. त्यातल्या पेशी सहसा विभागत नाहीत, महिनोन्‌महिने तशाच राहतात. त्यामुळे प्रौढ माणसाचे फुप्फुस एकदा बिघडले की बिघडले, अशीच वैद्यकाची बराच काळ धारणा होती. १९६१ मध्ये टोरांटोत जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलॉक यांनी उंदरांच्या अस्थिमज्जेतील मूलपेशींचा, म्हणजे स्वतःसारख्या आणि इतर प्रकारच्या पेशी घडवू शकणाऱ्या पेशींचा, प्रयोगसिद्ध पुरावा दिला, तरी फुप्फुसाचा नंबर लागायला पुढची काही दशके गेली. अडचण उघड होती. संथ अवयवात दुरुस्तीला कोणती पेशी धावून येते हे पाहायचे, तर आधी त्याला इजा करावी लागते. आणि नवी पेशी कुठून आली हे सांगायचे, तर तिच्या पूर्वजाला आधीच खूण करून ठेवावी लागते. या क्षेत्राचा सगळा इतिहास म्हणजे खुणा करण्याच्या पद्धतींचा इतिहास आहे, असे म्हटले तरी चालेल.

थोडी रचना लक्षात घेऊ. श्वासनलिकेला फाटे फुटत फुटत ती अतिशय बारीक होते आणि शेवटी वायुकोश लागतात. माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून ते सरासरी ४८ कोटी असतात. मोठ्या नळ्यांच्या अस्तरात तळाशी बेसल पेशी, त्यांच्या वर स्राव करणाऱ्या पेशी आणि कफ वर ढकलणाऱ्या केसाळ पेशी असतात. वायुकोशांत दोनच प्रमुख प्रकार दिसतात. पहिल्या प्रकारच्या पेशी कागदाहून पातळ, पसरट असतात. सुमारे ९५ टक्के पृष्ठभाग त्याच व्यापतात आणि वायूंची देवाणघेवाण त्यांच्यातून होते. दुसऱ्या प्रकारच्या पेशी गुबगुबीत, कोपऱ्यात बसलेल्या. वायुकोश मिटू नयेत म्हणून लागणारा स्निग्ध थर, म्हणजे सरफॅक्टंट, त्या तयार करतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा श्वास याच थराच्या अभावी कोंडतो, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवले होते.

या गुबगुबीत पेशींचे दुसरे काम १९७० च्या दशकात उघड झाले. उंदरांना नायट्रोजन डायऑक्साइड किंवा शुद्ध ऑक्सिजन हुंगवला की पातळ पेशी मरतात. त्याच वेळी डीएनए घडवायला लागणारे थायमिडीन किरणोत्सारी करून टोचले, तर विभागणाऱ्या पेशींच्या डीएनएत खूण राहते. ही खूण आधी दुसऱ्या प्रकारच्या पेशींत दिसे आणि काही दिवसांनी पहिल्या प्रकारच्या पेशींत. अमेरिकेत इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी, तर कॅनडात ॲडमसन आणि बोडेन यांनी हे नोंदवले. निष्कर्ष बरोबर होता, पण खूण कच्ची होती. पेशी विभागत गेली की ती फिकट होते आणि वंशावळ पुसट होत जाते.

श्वासमार्गासाठी सापडलेली युक्ती मला या सगळ्या कथेत सर्वांत देखणी वाटते. डांबरगोळ्यांमधले नॅफ्थलीन उंदराला टोचले, तर बारीक नळ्यांतल्या क्लब पेशी, म्हणजे तिथल्या स्राव करणाऱ्या पेशी, तेवढ्या मरतात. नॅफ्थलीनचे विषात रूपांतर करणारे विकर या पेशींतच भरपूर असते, म्हणजे त्या आपल्याच रसायनशास्त्राला बळी पडतात. पण काही मोजक्या क्लब पेशी वाचतात आणि त्यांच्यापासून अस्तर पुन्हा उभे राहते. २००० च्या आसपास बॅरी स्ट्रिप यांच्या प्रयोगशाळेने दाखवले, की या वाचलेल्या पेशी कुठेही विखुरलेल्या नसतात. त्या चेतापेशींसारख्या पेशींच्या पुंजक्यांजवळ आणि नळी जिथे वायुकोशांना मिळते त्या सांध्यावर आढळतात.

त्या सांध्यावरच २००५ मध्ये कार्ला किम आणि टायलर जॅक्स यांना दोन्ही बाजूंची लक्षणे असलेल्या पेशी मिळाल्या. प्रयोगशाळेत त्यांच्यापासून नळीच्याही पेशी झाल्या आणि वायुकोशाच्याही. फुप्फुसाची मूलपेशी सापडली असा गाजावाजा झाला. मग २००९ मध्ये एमा रॉलिन्स आणि ब्रिजिड होगन यांनी पक्क्या खुणेने तपासले. या पद्धतीत औषध देऊन ठरावीक पेशीच्या जनुकांतच कायमचा बदल करतात आणि तो तिच्या सगळ्या वंशजांत उतरतो. त्यांना वायुकोशांच्या दुरुस्तीत या पेशींचा खास वाटा दिसला नाही. पुढे २०१९ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी अधिक बारीक, दुहेरी खूण वापरून त्या पेशींना पुन्हा मान मिळवून दिला. इजेनुसार त्या खरोखर दोन्हीकडे हातभार लावतात. चौदा वर्षांच्या या वादात पेशी तीच होती, खूण बदलत गेली.

मोठ्या नळ्यांचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. २००९ मध्ये जेसन रॉक, होगन आणि सहकाऱ्यांनी बेसल पेशी याच तिथल्या मूलपेशी असल्याचे दाखवले. मात्र उंदरात बेसल पेशी जवळजवळ मुख्य श्वासनलिकेपुरत्याच असतात, तर माणसात त्या बारीक नळ्यांपर्यंत खोल पसरलेल्या असतात. हा फरक छोटा वाटतो, पण उंदरावरून माणसाबद्दल बोलणाऱ्या प्रत्येक दाव्याला तो आडवा येतो. २०१३ मध्ये आणखी एक गृहीतक डळमळले. पुरुषोत्तम राव टाटा आणि जयराज राजगोपाल यांनी उंदराच्या बेसल पेशी मुद्दाम नष्ट केल्या, तेव्हा आधीच प्रौढ झालेल्या स्रावी पेशी मागे फिरून बेसल पेशी झाल्या. त्याच वर्षी वायुकोशांतल्या दुसऱ्या प्रकारच्या पेशींनाही पक्क्या खुणेने मूलपेशींचा दर्जा मिळाला. एका सिंहासनावर एकच मूलपेशी बसलेली असते, ही कल्पना फुप्फुसात चालत नाही हे तेव्हा स्पष्ट झाले. कोण पुढे येणार, ते जागा आणि इजा ठरवतात.

याच काळात काही वाटा चुकल्याही. २००१ मध्ये अस्थिमज्जेतील पेशी फुप्फुसात जाऊन वायुकोशांच्या पेशी होतात असा दावा झाला. काटेकोर तपासणीत तो टिकला नाही. २०११ मध्ये हार्वर्डमधील पिएरो अनव्हर्सा यांच्या गटाने मानवी फुप्फुसात सर्व प्रकारच्या पेशी घडवणारी मूलपेशी सापडल्याचे जाहीर केले. २०१८ मध्ये हार्वर्डने त्यांच्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घेण्याची शिफारस केली आणि फुप्फुसावरचा तो निबंधही रद्द झाला. त्याहून गंभीर प्रकरण शल्यविशारद पाओलो मॅकियारिनी यांचे. प्लॅस्टिकच्या नळीवर रुग्णाच्या मूलपेशी लावल्या की तिची जिवंत श्वासनलिका होईल, असे सांगत त्यांनी २०११ पासून स्वीडनमधील कॅरोलिन्स्का रुग्णालयात तिघांवर शस्त्रक्रिया केल्या. तिघेही दगावले. २०२३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने त्यांना अडीच वर्षांची कैद सुनावली. त्या नळीवर श्वासमार्गाचे अस्तर चढते, याचा पुरेसा पुरावा प्राण्यांमध्येही नव्हता. तरीही नामांकित नियतकालिकाने या शस्त्रक्रियेवरचा निबंध छापला, हे विसरून चालणार नाही.

आता सध्याच्या संशोधनाकडे. २०११ मध्ये फ्रँक मॅककिऑन आणि वा शियान यांच्या गटाने उंदरांना इन्फ्लुएन्झाचा तीव्र संसर्ग दिला, तेव्हा बेसल पेशींसारख्या पेशी उद्ध्वस्त वायुकोशांच्या भागात पोचलेल्या दिसल्या. त्या खरे वायुकोश घडवतात, असे या गटाचे म्हणणे. इतर प्रयोगशाळांना मात्र दिसले, की त्यांतल्या बहुतेक पेशी ठिगळासारख्या तिथेच राहतात. जखम झाकली जाते, पण वायूंची देवाणघेवाण करणारी पातळ पेशी त्यांच्यापासून क्वचितच होते. २०२० मध्ये याला आणखी एक पदर जोडला गेला. दुसऱ्या प्रकारची पेशी पहिल्या प्रकारची होताना मधल्या एका अवस्थेतून जाते, हे एकाच वर्षी अनेक गटांनी दाखवले. फुप्फुस तंतुमय होण्याच्या आजारात तशाच अडकून पडलेल्या पेशी साचलेल्या सापडतात. दुरुस्ती सुरू होते आणि अर्ध्यावर थांबते, असे हे चित्र आहे.

आशादायक निष्कर्षही त्याच वर्षीचा. ब्रिटिश संशोधकांनी १६ जणांच्या श्वासमार्गातील एकेका पेशीपासून वाढवलेल्या ६३२ वसाहतींचे जनुकीय वाचन केले. धूम्रपान सोडलेल्यांत जवळजवळ निर्दोष डीएनए असलेल्या पेशी सापडल्या, आणि त्यांचे प्रमाण अजून धूम्रपान करणाऱ्यांच्या चौपट होते. तंबाखूच्या धुरातून बचावलेल्या काही पेशी धूर थांबल्यावर अस्तर पुन्हा भरून काढत असाव्यात, असा त्याचा अर्थ लावला गेला.

या पार्श्वभूमीवर चीनमधील वेई झुओ यांच्या गटाची चाचणी पाहायला हवी. दीर्घकालीन श्वासरोधाच्या, म्हणजे सीओपीडीच्या रुग्णांच्या श्वासमार्गातून बारीक ब्रशने पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि दुर्बिणीतून परत फुप्फुसात सोडायच्या, अशी ही पद्धत. १७ जणांना उपचार मिळाले, तुलनेसाठी फक्त ३ जण होते. फुप्फुसाची वायू रक्तात पोचवण्याची क्षमता अपेक्षितच्या ३० टक्क्यांवरून १२ आठवड्यांत ४० टक्क्यांच्या जवळ गेली. आकडे उत्साह वाढवणारे आहेत, पण पहिल्या टप्प्यातील चाचणी मुख्यतः सुरक्षितता तपासते आणि तिघांशी केलेल्या तुलनेतून परिणामकारकता सिद्ध होत नाही. शिवाय वापरलेल्या पेशी त्याच बेसल पेशींसारख्या, ज्यांच्याबद्दल उंदरांवरच्या प्रयोगांत एकमत झालेले नाही. सोडलेल्या पेशी रुग्णाच्या स्वतःच्याच असल्याने त्या आधीच्या पेशींपासून वेगळ्या ओळखणे अवघड असते. त्या तिथे रुजून वायुकोश झाल्या, की नुसते ठिगळ लावून किंवा रासायनिक संदेश सोडून शेजाऱ्यांना कामाला लावले, हे श्वास किती सुधारला या मोजमापातून कळत नाही.