सहयोगी संशोधनातील सहभागींच्या माहितीचे संरक्षण

एकाहून अधिक विद्यापीठे, रुग्णालये किंवा संशोधन संस्था मिळून माणसांविषयी संशोधन करतात, तेव्हा माहिती देणाऱ्यांची ओळख फुटू नये आणि ज्या कामासाठी माहिती घेतली त्याखेरीज दुसऱ्या कामाला ती लावली जाऊ नये, यासाठी पाळायचे नियम, संस्थांमधले करार आणि तांत्रिक उपाय यांचा समावेश या संज्ञेत होतो. इथे माहिती म्हणजे केवळ नाव-पत्ता नव्हे. आजारपण, उत्पन्न, जात, राजकीय मते, मुलाखतीचा आवाज, रक्ताचा थेंब आणि त्यातून निघणारा जनुकीय आराखडा हे सारे तीत मोडते.

ओसरीवर बसून सर्वेक्षणाला आलेली एक मुलगी घरच्या बाईला विचारते: घरात माणसे किती, पाळणा लांबवायला काय वापरता, नवरा पितो का, हात उगारतो का. त्याआधी तिने माहितीपत्रक वाचून दाखवलेले असते आणि त्यात ‘तुमचे नाव कोणालाही कळणार नाही’ असे एक वाक्य असते. बाई सही करते किंवा अंगठा उठवते. शब्द दिला त्या मुलीने. पुढे ती माहिती टॅबमधून एखाद्या शहरातल्या संस्थेत उतरते, तिथून परदेशातल्या संख्याशास्त्रज्ञाकडे जाते आणि त्याच्याकडून एखाद्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर. यांपैकी कोणीही ती ओसरी पाहिलेली नसते. एकट्याचे संशोधन आणि सहयोगी संशोधन यांतला खरा फरक हाच: शब्द देणारा एक, पाळणारे दुसरेच. पुढे आलेले बहुतेक प्रसंग या साखळीच्या सांध्यांवरचे आहेत.

स्प्रिंगडेलची मिरवणूक

कॉर्नेल विद्यापीठाने १९५०च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या गावाचा अभ्यास चालवला. गावाला ‘स्प्रिंगडेल’ हे टोपणनाव दिले (खरे नाव पुढे सगळ्यांना कळले; ते इथे देण्याचे कारण नाही) आणि कोणाचीही ओळख पटणार नाही, असे गावकऱ्यांना सांगितले. प्रकल्पावर नेमलेला एक संशोधक गावात राहिला आणि नंतर त्याने एका सहकाऱ्याबरोबर स्वतंत्र पुस्तक लिहिले. ते १९५८ मध्ये आले. गावचा कारभार पडद्याआडून हाकणाऱ्या मोजक्या माणसांचे त्यात वर्णन होते, नावे बदललेली. पण अशी माणसे मोजकीच असल्याने कोण कोण ते गावात प्रत्येकाला ठाऊक. पुढे ४ जुलैच्या मिरवणुकीत गावकऱ्यांनी गाडा काढला. त्यावर मुखवटे चढवलेली माणसे पुस्तकातली टोपणनावे लावून बसली होती आणि मागून येणाऱ्या शेणखत पसरायच्या यंत्रावर लेखकाचा पुतळा होता. प्रकल्पाने दिलेला शब्द स्वतंत्रपणे लिहिणाऱ्या सहकाऱ्याला बांधतो का, हा त्या वेळचा वाद आजही प्रत्येक सहयोग करारात नव्याने सोडवावा लागतो.

नाव पुसले म्हणजे झाले नाही

१९९७च्या सुमारास लतान्या स्वीनी या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ पदव्युत्तर विद्यार्थिनी होत्या. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कर्मचाऱ्यांच्या विमा नोंदी नावे काढून संशोधकांना दिल्या जात. स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही याद्या एकमेकींवर ठेवल्या. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले मतदार सहा, त्यांत पुरुष तीन, त्यांच्या पिनकोडात एकच. गव्हर्नरांचे वैद्यकीय कागद हाती आले. जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पिनकोड एवढ्यावरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरतात, असा हिशेब स्वीनी यांनी पुढे मांडला.

जनुकीय माहितीत हे आणखी अवघड होते. शेकडो लोकांच्या माहितीची केवळ सरासरी प्रसिद्ध केली, तरी एखाद्याचा जनुकीय नमुना हाती असल्यास तो त्या गटात होता की नाही हे ओळखता येते, असे २००८ मध्ये दाखवले गेले. त्यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी अशी एकत्रित माहितीही सर्वांसाठी खुली ठेवणे थांबवले.

मराठी मुलखात तर नाव बदलणेही सोपे नाही. आपले पूर्ण नाव तीन पदरी: स्वतःचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे, आणि आडनाव. संमती एकाची, नोंद दोघांची. आडनावावरून जातीचा अंदाज बांधता येतो, शेवटच्या ‘कर’वरून मूळ गावाचा. टोपणनाव देताना संशोधक म्हणूनच पेचात सापडतो. त्याच समाजात चालणारे आडनाव दिले तर अर्धी ओळख तशीच राहते, भलतेच दिले तर जातीविषयीचे विवेचन खोटे पडते. आणि ‘सरपंच, वय ४१, आधी अंगणवाडी सेविका’ एवढे लिहिल्यावर बाईंचे नाव सुनंदा केले काय आणि मंगल केले काय! वर्णनच सैल करणे, म्हणजे वय ‘चाळिशीच्या आसपास’ आणि पद ‘ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या’ असे लिहिणे, हे टोपणनावापेक्षा जास्त कामाचे. शोधनिबंधांत मात्र टोपणनाव दिल्याचे आवर्जून सांगतात आणि वर्णन तसेच ठेवतात.

अनामिकीकरण आणि सांकेतिक क्रमांक देणे या दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. नावाऐवजी ‘पी-०४७’ लिहिले आणि कोणता क्रमांक कोणाचा ही यादी, जिला बोलीत ‘की-फाइल’ म्हणतात, कपाटात ठेवली, तर ओळख लपली आहे, नाहीशी झालेली नाही. युरोपीय संघाचे २५ मे २०१८ पासून लागू झालेले माहिती संरक्षण नियम अशा माहितीला साधारणपणे वैयक्तिक माहितीच मानतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा नमुना

भारतातले या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे १९९२-९३ पासून होणारे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ते चालवते. तांत्रिक साहाय्य बरीच वर्षे अमेरिकेच्या पैशावर चालणाऱ्या डीएचएस (लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षण) कार्यक्रमाकडून येत असे. माहिती जगभरच्या संशोधकांना नोंदणी करून मिळते, त्यामुळे ती देण्याआधीच बिघडवून ठेवावी लागते. ज्या वस्तीत सर्वेक्षण झाले तिचा नकाशावरचा बिंदू मुद्दाम सरकवतात: शहरी वस्तीचा २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण वस्तीचा ५ किलोमीटरपर्यंत, आणि ग्रामीण बिंदूंपैकी एक टक्का १० किलोमीटरपर्यंत. त्यामुळे नकाशावर ठिपका ज्या वाडीवर दिसतो ती वाडी बहुधा ती नसतेच. दवाखाना किती लांब हे मोजू पाहणाऱ्या संशोधकाला याचा त्रास होतो, पण तो सोसायचा असतो.

२००५-०६च्या तिसऱ्या फेरीत एक लाखाहून अधिक लोकांच्या रक्ताची एचआयव्हीसाठी तपासणी झाली. बोटातून काढलेले थेंब गाळणकागदावर घेऊन त्याला फक्त बारकोड लावला जाई. डीएचएसच्या ठरलेल्या पद्धतीनुसार प्रश्नावलीवरच्या ओळखीच्या खुणा नष्ट केल्याखेरीज तपासणीचा निकाल तिला जोडला जात नाही. याची किंमतही होती. एखाद्याचा निकाल सकारात्मक आला तरी तो त्याला कळवणे शक्यच नव्हते, कारण तो कोण हे कोणालाच ठाऊक नव्हते. इच्छुकांना मोफत तपासणी केंद्रांकडे पाठवण्याची सोय तेवढी ठेवलेली होती.

घरगुती हिंसेचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला, एकांतात विचारायचे आणि एकांत मिळत नसेल तर सोडून द्यायचे, असाही या सर्वेक्षणाचा नियम आहे. सर्व्हेवाली आली की शेजारणी उंबऱ्याशी जमतात आणि सासू पदर सावरून शेजारी येऊन बसते. हे ज्याने पाहिले आहे त्याला या नियमाचे मोल कळेल. कुलूपबंद सर्व्हर नंतरची गोष्ट. माहिती फुटायची पहिली जागा उंबरा.

ओळख पुसून टाकण्याचा मार्ग सगळ्यांनाच मोकळा नसतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या संशोधकांबरोबर १९९३ मध्ये जवळच्या सहा गावांत गरोदर बायांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. त्या बायांची मुले मोठी होईतो त्यांचा मागोवा घेतला गेला. पिढीभर चालणाऱ्या अशा कामात माणूस पुन्हा सापडलाच पाहिजे. तिथे ओळख जपून ठेवावी लागते, आणि की-फाइल कोणाच्या ताब्यात हा प्रश्न कधीच मिटत नाही.

ज्याचे नुकसान होते तो एकटा नसतो

अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या हावासुपाई जमातीच्या लोकांनी १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी ॲरिझोना राज्य विद्यापीठाला रक्त दिले. त्याच रक्तावर पुढे स्किझोफ्रेनिया, जवळच्या नात्यातील लग्ने आणि जमातीचे मूळ यांविषयी संशोधन झाले, नमुने इतर संस्थांतही फिरले. जमातीला हे कळले २००३ मध्ये, तेही तिच्यातली एक स्त्री विद्यापीठात एका प्रबंधाचे सादरीकरण ऐकायला गेली होती म्हणून. २०१०च्या तडजोडीत विद्यापीठाने ७ लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले. कोणाचे नाव फुटले, हा इथे मुद्दाच नव्हता. ‘तुम्ही मूळचे या दरीतले नव्हेत’ असे निष्कर्ष निघाले तेव्हा दुखावली गेली ती अख्खी जमात. वैयक्तिक संमतीपत्रात अशा नुकसानीला रकाना नसतो. दक्षिण आफ्रिकेतील सान लोकांनी २०१७ मध्ये आपली स्वतःची संशोधन आचारसंहिता जाहीर केली, ती याच उणिवेतून.

कायदा

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याच वर्षी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची सुधारित नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आली. परदेशी सहभाग असलेले आरोग्यविषयक प्रकल्प स्थानिक नैतिकता समितीबरोबरच आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीपुढेही जातात. समाजशास्त्रीय आरोग्य संशोधनासाठी मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकाराने २००० मध्येच मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली होती.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संशोधन, अभिलेख आणि सांख्यिकी यांना त्यात सूट आहे, पण दोन अटींवर: त्या माहितीवरून त्याच व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेली मानके पाळायची. कायदा फक्त डिजिटल किंवा डिजिटल केलेल्या माहितीला लागू आहे. गोणीत भरून माळ्यावर टाकलेल्या कागदी प्रश्नावल्या स्कॅन होईपर्यंत त्याच्या कक्षेबाहेर.

कायदा उलट बाजूनेही येतो. बॉस्टन कॉलेजने २००१ ते २००६ या काळात उत्तर आयर्लंडमधील सशस्त्र गटांच्या माजी सदस्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. तुम्ही हयात असेतो ध्वनिफिती उघडणार नाही, असे त्यांना सांगितले होते. २०११ मध्ये ब्रिटिश पोलिसांच्या वतीने अमेरिकेत न्यायालयीन आदेश बजावले गेले आणि काही मुलाखती शेवटी द्याव्या लागल्या. कॉलेज आणि प्रकल्पसंचालक यांच्या करारात ‘अमेरिकी कायदा अनुमती देईल तेवढी’ गुप्तता, असे शब्द होते. मुलाखत देणाऱ्याने सही केलेल्या कागदावर ते नव्हते. एक अट वरच्या करारातून खालच्या संमतीपत्रात उतरली नाही, एवढीच चूक. २०१४ मध्ये कॉलेजने मुलाखती ज्यांच्या त्यांना परत देण्याची तयारी दाखवली.

करार आणि रोजचे काम

माहिती देण्याऐवजी प्रश्नच माहितीपाशी नेण्याकडे आता कल आहे. प्रत्येक संस्था आपली माहिती आपल्याच सर्व्हरवर ठेवते, गणिताची आज्ञा फिरते आणि फक्त बेरजा बाहेर येतात. सुमारे पाच लाख सहभागींच्या ब्रिटनच्या यूके बायोबँक या आरोग्यमाहितीच्या संग्रहानेही माहिती उतरवून देण्याऐवजी स्वतःच्या संगणकीय मंचावर वापरू देण्याचा मार्ग धरला. निकालात मोजून-मापून ‘गोंगाट’, म्हणजे आकड्यांत मुद्दाम केलेला किरकोळ फेरफार, मिसळण्याचे २००६ मध्ये मांडले गेलेले तंत्र अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत वापरले गेले. मोजके सहभागी असलेल्या गुणात्मक अभ्यासाला मात्र यातले काहीच फारसे उपयोगी पडत नाही.

करारात बहुधा राहून जाणारी बाब म्हणजे शेवट. पैसा देणारा थांबला, संस्था बंद पडली, फील्डवर्करचा करार संपला तर फाइली कोणाकडे? डीएचएस कार्यक्रम अमेरिकी मदत थांबल्यामुळे २०२५च्या सुरुवातीस एकाएकी बंद पडला, तेव्हा हा प्रश्न अनेक देशांपुढे एकदमच उभा राहिला. लहान प्रकल्पांत तो रोजचाच आहे. संमतीपत्रे प्रश्नावल्यांपासून वेगळ्या कपाटात ठेवावीत, असे प्रोटोकॉलमध्ये लिहिलेले असते. प्रत्यक्षात दोन्ही एकाच पिनेने टाचलेली असतात, आणि सहभागींची यादी ‘फायनल_नवीन_२’ या नावाने टीमच्या व्हॉट्सॲप गटावर पडलेली असते. प्रकल्प सोडून गेलेल्यांना त्या गटातून काढायचे कोणाच्या लक्षात आलेले नसते.