साडेचार मिलिग्रॅमची पार्श्वभूमी

पन्नास मिलिग्रॅमची एक गोळी, पन्नास मिलिलिटर पाणी, काचेची बाटली आणि सुई काढलेली सिरिंज. गोळी पाण्यात विरघळवायची, बाटली फ्रिजमध्ये ठेवायची आणि रात्री झोपताना चांगली हलवून त्यातलं साडेचार मिलिलिटर सिरिंजने मोजून प्यायचं. क्रोन्स (आतड्यांचा दाह) किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जासंस्थेचा आजार) अशा ऑटोइम्यून आजारांत, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तेव्हा, अनेक रुग्ण नॅल्ट्रेक्सोन हे औषध असं घेतात, कारण गोळी येते ती ५० मिलिग्रॅमची आणि त्यांना हवे असतात साडेचार. गोळीतली पांढरी भुकटी तळाशी बसते, त्यामुळे माप रोज तंतोतंत पडेलच असं नाही. अमेरिकेत मागणीप्रमाणे कॅप्सूल भरून देणाऱ्या फार्मसी आहेत. ती सोय नसेल तिथे हा स्वयंपाकघरातला उद्योग.

औषध जुनं आहे. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या एंडो लॅबोरेटरीजमध्ये ते तयार झालं. हेरॉइन किंवा मॉर्फिन शरीरात ज्या ग्राहींवर (पेशींवरच्या रिसेप्टर्सवर) जाऊन बसतं, त्या ग्राही नॅल्ट्रेक्सोन अडवून धरतं. मग नशा केली तरी चढत नाही. १९८४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अफूजन्य पदार्थांच्या व्यसनासाठी त्याला मान्यता दिली, १९९४ मध्ये दारूच्या व्यसनासाठी. डोस दोन्हीकडे साधारण ५० मिलिग्रॅम रोज. संधिवात, क्रोन्स किंवा मल्टिपल स्क्लेरोसिससाठी मान्यता तेव्हाही नव्हती, आजही नाही. डॉक्टर ते लिहून देतात ते मान्यतेच्या चौकटीबाहेर, म्हणजे ‘ऑफ-लेबल’.

मग एवढ्याशा डोसची कल्पना आली कुठून? उंदरांवरून. पेन्सिल्व्हेनियात इयान झॅगॉन आणि पॅट्रिशिया मॅक्लॉफ्लिन यांनी उंदरांमध्ये न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगाच्या पेशी टोचल्या आणि रोज नॅल्ट्रेक्सोन दिलं. १९८३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेले त्यांचे निकाल चक्रावणारे होते. वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम दिलेल्या उंदरांमध्ये ग्राही चोवीस तास बंद राहिल्या. त्यातल्या शंभर टक्के उंदरांना गाठ झाली आणि तीही लवकर. किलोला ०.१ मिलिग्रॅम दिलेल्यांमध्ये ग्राही दिवसातले चार ते सहा तासच अडल्या, आणि गाठ झाली फक्त ३३ टक्क्यांना. औषध तेच, डोस शंभरावा हिस्सा, परिणाम उलटा. यामागचा तर्क असा: ग्राही थोडा वेळ अडवली की टंचाई पडल्यासारखं वाटून शरीर स्वतःची एंडॉर्फिन (शरीरातच बनणारी अफूसारखी रसायनं) जास्त बनवतं, आणि औषध उतरल्यावर उरलेले तास ती वाढीव एंडॉर्फिन काम करतात. चोवीस तास अडवून ठेवलं तर वाढीव मालाला जायला दारच उरत नाही.

हे माणसांपर्यंत नेलं न्यूयॉर्कच्या बर्नार्ड बिहारी यांनी. (नाव वाचून आपल्याकडचे वाटतील, पण होते अमेरिकन.) ते व्यसनमुक्तीच्या कामात होते, आणि १९८० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये व्यसनमुक्तीचं काम म्हणजे एड्सच्या रुग्णांत वावरणं. त्यांनी झोपताना सुमारे ३ मिलिग्रॅम देऊन पाहिलं. पुढे मल्टिपल स्क्लेरोसिस आणि इतर ऑटोइम्यून आजारांच्या रुग्णांनाही देऊ लागले. रात्रीचीच वेळ का, तर एंडॉर्फिन पहाटे जास्त बनतात आणि अडथळा त्याच्या जरा आधी पडावा, असा त्यांचा हिशेब. त्यांच्या दवाखान्यातून ही गोष्ट रुग्णाकडून रुग्णाकडे गेली. बिहारी यांच्याकडे अनुभव भरपूर होता, पण प्लासिबोशी (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीशी) तुलना करणाऱ्या मोठ्या चाचण्या नव्हत्या. या औषधाच्या कपाळी हा शिक्का तेव्हापासून आहे.

चाचण्या झाल्या त्या बऱ्याच उशिरा, आणि छोट्या. झॅगॉन यांच्याच पेन स्टेट विद्यापीठात जिल स्मिथ यांनी २००७ मध्ये क्रोन्सच्या १७ रुग्णांचा प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध केला, २०११ मध्ये ४० रुग्णांची प्लासिबोसह चाचणी. दुसऱ्या चाचणीत औषध घेणाऱ्या ८८ टक्के रुग्णांचा आजाराचा निर्देशांक ठरवलेल्या पातळीइतका खाली आला, प्लासिबोवाल्यांत ४० टक्के. आकडे घसघशीत आहेत, पण माणसं चाळीस. २०१८ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या समीक्षकांनी सगळा पुरावा तपासला आणि ठोस निष्कर्ष काढण्याइतका तो नाही असं सांगितलं. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये २०१० साली दोन चाचण्या आल्या. कॅलिफोर्नियातल्या चाचणीत मनःस्वास्थ्याशी निगडित जीवनमान सुधारलं, शारीरिक बाजू जिथल्या तिथे. इराणमधल्या चाचणीत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखत राहणं) हा काटेकोर अर्थाने ऑटोइम्यून आजार नव्हे, पण नॅल्ट्रेक्सोनच्या गोष्टीत तो सतत येतो. २०१३ मध्ये स्टॅनफर्डच्या ३१ स्त्रियांच्या अभ्यासात दुखणं प्लासिबोपेक्षा जास्त कमी झालं. २०२४ मध्ये डेन्मार्कमध्ये ९९ स्त्रियांना बारा आठवडे ६ मिलिग्रॅमपर्यंत देऊन पाहिलं, तर दुखण्यात प्लासिबोपेक्षा सिद्ध करता येण्याजोगा फरक पडला नाही.

दरम्यान नॉर्वेत वेगळंच घडलं. २०१३ मध्ये तिथल्या एका टीव्ही वाहिनीने या औषधावर माहितीपट दाखवला आणि फार्मसींच्या काउंटरवर रांग लागली. थोड्याच काळात देशाच्या सुमारे ०.३ टक्के लोकसंख्येने निदान एकदा तरी हे औषध घेतलं होतं. डॉक्टरच्या चिठ्ठीवर घेतलेल्या औषधांची सरकारी नोंद होणारा देश असल्याने संशोधकांना आयताच प्रयोग मिळाला. एका कार्यक्रमाने जे केलं, ते वीस वर्षांच्या वैद्यकीय चर्चेला जमलं नव्हतं.

मात्र ‘मोठ्या औषधाचा छोटा डोस’ ऐकून हसण्याआधी मेथोट्रेक्सेट आठवावं. आज आमवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिसमध्ये, बहुतेक रुग्णांचं पहिलं औषध हेच असतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही ऱ्हुमॅटॉलॉजिस्टच्या प्रिस्क्रिप्शनवर ते सापडेल. पण जन्माने ते कर्करोगाचं औषध. त्याचा मोठा भाऊ अमिनोप्टेरिन अमेरिकेतल्या लेडर्ले या औषध कंपनीत तयार झाला, आणि त्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी तेच औषध वापरून लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाला काही काळ आवर घातला, तो अहवाल जून १९४८ चा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले.

१९५१ मध्ये गबनर आणि सहकाऱ्यांनी अमिनोप्टेरिनचा छोटा डोस आमवात आणि सोरायसिसच्या रुग्णांना देऊन पाहिला. गुण आला. तरीही तो धागा पुढे फारसा कुणी धरला नाही, कारण कॉर्टिझोन या स्टेरॉइडचा बोलबाला सुरू झाला होता. अंथरुणाला खिळलेले रुग्ण त्याने चालू लागत होते आणि १९५० चं नोबेलही त्याला मिळालं होतं. त्याचे दुष्परिणाम कळायला वर्षं गेली. त्वचारोगतज्ज्ञांनी सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट वापरात ठेवलं. संधिवाताच्या बाजूला वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनमध्ये रेक्स हॉफमायस्टर नावाचे डॉक्टर ते आपल्या रुग्णांना देत राहिले, आणि १९८३ मध्ये ७८ रुग्णांचा दीर्घ अनुभव त्यांनी छापला. बिहारींसारखेच तेही एका दवाखान्यातले डॉक्टर. फरक पडला तो पुढे: १९८५ मध्ये बॉस्टनचे मायकेल वाइनब्लाट यांनी २८ रुग्णांची प्लासिबोसह चाचणी प्रसिद्ध केली, तशाच आणखीही झाल्या, आणि १९८८ मध्ये एफडीएची मान्यता आली. पहिल्या प्रयोगापासून ३७ वर्षं लागली.

आणि छोटा डोस म्हणजे मोठ्याची पातळ आवृत्ती नव्हे, हेही इथेच कळलं. कर्करोगात मेथोट्रेक्सेट फोलेट या जीवनसत्त्वाची वाट अडवून पेशींची वाढ रोखतं. आमवातात साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम, तेही आठवड्यातून एकदाच. सोबत फोलिक अॅसिडची गोळी दिली तर दुष्परिणाम कमी होतात आणि गुण बराचसा टिकतो. म्हणजे इथे काम बहुधा दुसऱ्याच वाटेने होतं, आणि त्यात अडेनोसिन या शरीरातल्याच दाह शमवणाऱ्या रसायनाचं नाव पुढे आहे. हा साप्ताहिक हिशेब घरात फार सांभाळावा लागतो. गोळी इवलीशी असते, बाकीच्या गोळ्या रोजच्या असतात, आणि हीसुद्धा कुणी रोज घेऊ लागलं तर रक्तपेशी घटून जीव जाऊ शकतो. म्हणून समजूतदार डॉक्टर चिठ्ठीवर ‘दर रविवारी’ असं वारासकट लिहितात.

नॅल्ट्रेक्सोनच्या वाट्याला हा १९८५ चा टप्पा अजून आलेला नाही. माझ्या मते याचं मोठं कारण विज्ञानाइतकंच पैशात आहे. पेटंट कधीच संपलं, औषध स्वस्त आहे, आणि कोट्यवधी खर्चून शेकडो रुग्णांची चाचणी करणाऱ्या कंपनीला परतावा काय? पण म्हणून ‘कंपन्यांनी दडपलं’ या लाडक्या कथेलाही आधार मिळत नाही. डेन्मार्कमध्ये नीट चाचणी झाली, तेव्हा अपेक्षित उत्तर आलं नाही. क्रोन्ससाठी आशा धरायला जागा आहे. बाकी बऱ्याच आजारांत हातात रुग्णांच्या कहाण्याच जास्त आहेत.

एक गोष्ट मात्र चाचण्यांची वाट न पाहता पक्की आहे. आपल्याकडे सांधेदुखीला ट्रॅमाडॉल सर्रास दिलं जातं, आणि ते अफूच्याच घराण्यातलं. नॅल्ट्रेक्सोन नेमक्या त्याच ग्राही अडवतं. दोन्ही एकत्र घेतली तर वेदनाशामक बरंचसं निकामी होऊ शकतं, आणि ट्रॅमाडॉलची सवय झालेल्या रुग्णाला उलट्या, घाम, अस्वस्थता असा विड्रॉवलचा झटका येऊ शकतो. साडेचार मिलिग्रॅमनेही.