पेट न घेणं वेगळं, आगीत तग धरणं वेगळं

बस, मेट्रो आणि रेल्वे एकत्र येणारं स्थानक आखताना "हे साहित्य आगरोधक आहे ना?" असं हमखास विचारलं जातं. या एका शब्दात दोन प्रश्न दडलेले असतात. वस्तू पेट घेते का, आग पसरवते का, हा एक. आग लागल्यावर ती किती वेळ भार पेलते किंवा आग पलीकडे जाऊ देत नाही, हा दुसरा.

पोलाद जळत नाही. पण साधारण ५५० अंश सेल्सिअसला त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते, आणि उघडी, पातळ तुळई मोठ्या आगीत लवकर तेवढी तापते. लाकूड जळतं, तरी जाड तुळई टिकते. फळ्यांचे थर चिकटवून केलेली तुळई चाचणीनंतर आडवी कापून पाहावी: बाहेर भेगाळलेला कोळसा, आत तपकिरी कड, आणि लगेच ताजं, पिवळसर लाकूड. कोळसाच उष्णता अडवतो. जळणं मिनिटाला सुमारे ०.६५ मिलिमीटर आत सरकतं, म्हणजे तासाला जेमतेम चार सेंटीमीटर. तेवढी जाडी आधीच जास्त धरता येते. (जोडावरचे पोलादी बोल्ट मात्र लाकडाच्या आत बुजवायलाच हवेत.) म्हणून कार्बन वाचवणारं लाकडी छत "पेटेल" एवढ्यावरून बाद करणं मला पटत नाही.

पण कोळसा तुळईला वाचवतो, प्रवाशाला नाही. १८ नोव्हेंबर १९८७ ला लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात लाकडी सरकत्या जिन्याखालचं ग्रीस आणि कचरा पेटला. जिन्याच्या उतरत्या खोबणीतून ज्वाळा वर तिकीटघरात झेपावल्या. ३१ जण गेले. दक्षिण कोरियातल्या देगू शहरात १८ फेब्रुवारी २००३ ला मेट्रोच्या डब्यातली आसनं आणि अस्तरं भडकली. १९२ बळी गेले. या दोन्ही ठिकाणी माणसं गेली ती स्थानक कोसळून नव्हे, तर आग आणि धूर झपाट्याने पसरल्यामुळे.

म्हणून युरोपात दोन्हींची मोजणी वेगवेगळी होते. पृष्ठभागाला 'ए१' ते 'एफ' असा वर्ग मिळतो, सोबत धुराची आणि पेटत्या थेंबांचीही नोंद असते. खांब-भिंतींना मिनिटं मिळतात: 'आर ६०' म्हणजे ६० मिनिटं भार पेलणार; आग अडवणाऱ्या भिंतीला ती पलीकडे जाऊ न देण्याचीही मिनिटं मिळतात. बाहेर पडण्याच्या वाटेवरच्या छताला आणि भिंतींच्या अस्तराला आधी वर्ग विचारावा. खांबांना आणि बस डेपो व फलाट यांच्यामधल्या भिंतीला मिनिटं. विद्युत बस चार्ज होतात तिथली भिंत तर विशेष नीट तपासावी, कारण बॅटरीची आग विझल्यासारखी वाटूनही पुन्हा भडकते. आणि त्या भिंतीतून केबल ओढल्यावर भोक बुजवलं नसेल, तर तिची ६० मिनिटं कागदावरच राहतात.